माती आंबट, अहवालात ‘क्षार’

गोव्यात मराठीतून विज्ञानाची पुस्तकं लिहिणारे, शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रकं काढणारे आणि माती-पाण्याचे अहवाल तयार करणारे, या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी पेडणे तालुक्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. आमची घरची शेती आहे, शापोरा नदीच्या काठची, खाजनातली. हे पत्र एका शब्दाबद्दल आहे: क्षार. तुम्ही तो छापता, मी तो फळ्यावर लिहिते, आणि आमच्या घरात त्या शब्दापायी भाताचं एक पीक गेलं. म्हणून लिहायला बसले आहे.

तीन वर्षांपूर्वी वैशाखी पुनवेच्या उधाणाला आमच्या खाजनाचा बांध फुटला. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खालची, बांध घालून नदीपासून राखलेली जमीन. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर आहे, आणि तिची राखण पिढ्यान् पिढ्या चिखल, पेंढा, चिरे आणि माणसांच्या पाठी यांवर चालत आलेली आहे. गावानं आठवड्याभरात भगदाड बुजवलं, पण तोवर खारं पाणी शेतात शिरून बसलं होतं. ते ओसरल्यावर ढेकळांवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर दिसू लागला. बोटानं खरवडून जिभेला लावला की मीठच.

काकांनी मातीचा नमुना तपासायला दिला. अहवाल मराठीत आला, ही चांगलीच गोष्ट. त्यात खाली शेरा होता: ‘जमीन क्षारयुक्त आहे, सुधारणा आवश्यक.’ सोबत एक माहितीपत्रक होतं. त्यात लिहिलं होतं की क्षारयुक्त जमिनीत जिप्सम (कॅल्शियमचं सल्फेट) मिसळावं आणि दहा-पंधरा दिवस पाणी साठवून ठेवावं. काकांनी मला फोन केला. “तू शास्त्र शिकलेली. क्षार म्हणजे नेमकं काय ते सांग, म्हणजे मी पुढचं बघतो.”

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, इंग्रजीतून. मराठीत ‘क्षार’ वाचला की माझ्या डोक्यात पहिला अर्थ येतो तो आम्लाच्या विरुद्धचा पदार्थ. तोच मी सांगितला. “क्षार म्हणजे आम्लाच्या उलट, काका. पत्रकात जिप्सम सांगितलंय ना, मग घाला.” अहवालावरचे आकडे मी विचारले नाहीत. ती चूक माझी आहे आणि ती मला अजून सलते.

काकांनी जिप्समच्या पिशव्या आणून पसरल्या. मग जूनचा पहिला दणका आला तेव्हा, पत्रकात सांगितलं होतं म्हणून, मानशीची दारं बांधून त्यांनी पाणी आत साठवलं. ज्यांनी मानस पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: बांधात लाकडी दारं असतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा दाब ती आपोआप मिटवतो, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून उघडतं आणि नदीत निघून जातं. खाजनात खारं पाणी शिरलं की पहिल्या पावसाचं पाणी शेतातून फिरवून, मीठ विरघळवून, ओहोटीबरोबर त्या दारांतून बाहेर काढायचं, पुन्हा पाऊस भरू द्यायचा, पुन्हा काढायचं. आमची आजी हेच करायची. त्या वर्षी आम्ही ते केलं नाही. मीठ विरघळलं आणि तिथंच राहिलं. लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यात रोपांची टोकं करपली आणि आतली पानं पिवळी पडत गेली.

ऑगस्टमध्ये घरी गेले तेव्हा तो अहवाल हातात घेऊन नीट वाचला. सामू, म्हणजे पीएच, ५.२. आणि त्याच कागदावर, त्याच्या दोन ओळी खाली, ‘क्षारयुक्त’.

सामू ५.२ म्हणजे माती आम्लधर्मी. चांगलीच आंबट. विद्युत वाहकतेचा आकडा मात्र चढलेला, म्हणजे माती खारट. आमची जमीन आंबटही होती आणि खारटही, एकाच वेळी. अहवाल लिहिणाऱ्यानं ‘क्षारयुक्त’ लिहिताना मीठ मनात धरलं होतं. पत्रक लिहिणाऱ्यानं त्याच शब्दानं सोडियमनं बिघडलेली, अल्कधर्मी जमीन मनात धरली होती. आणि मी, मधल्या मध्ये, आम्लाच्या उलट असं काहीतरी. तिघेही प्रामाणिक होतो. तिघांच्या हातात शब्द एकच होता.

ही फक्त आमच्या घरातली गोष्ट नाही, हे मला नंतर कळत गेलं. महाराष्ट्राच्या मराठी पाठ्यपुस्तकात ॲसिडला आम्ल, बेसला आम्लारी, पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्क आणि आम्ल व आम्लारी यांच्या क्रियेतून होणाऱ्या सॉल्टला क्षार म्हणतात. एनसीईआरटीच्या दहावीच्या हिंदी पुस्तकातल्या धड्याचं नावच ‘अम्ल, क्षारक एवं लवण’ आहे. तिथं बेस म्हणजे क्षारक, अल्कली म्हणजे क्षार, सॉल्ट म्हणजे लवण. दोन्ही लिपी देवनागरी, दोन्ही शब्द संस्कृतातले, अर्थ मात्र नदीच्या दोन तीरांवर. महाराष्ट्राचं पुस्तक सोडियमला अल्क धातू म्हणतं, हिंदी पुस्तक त्यालाच क्षार धातु म्हणतं. गोव्यात मराठी शाळेत जाणारं मूल चौथीपर्यंत मराठीत शिकतं, पुढे विज्ञान इंग्रजीत शिकतं, घरी कोकणी बोलतं, वर्तमानपत्र मराठी वाचतं आणि शेतीचे व्हिडिओ हिंदीत बघतं. हे सगळे अर्थ त्याच्या कानावर पडतात. कुठला कधी, हे सांगायला तिथं कोणी नसतं.

नुसत्या पाठ्यपुस्तकांपाशीही हे थांबत नाही. टाकीच्या नळावर पांढरं जमलं की प्लंबर म्हणतो पाण्यात क्षार आहेत. तो कॅल्शियम-मॅग्नेशियमबद्दल बोलतो, म्हणजे जड पाण्याबद्दल. जुलाब झालेल्या मुलाला डॉक्टर तपासतात आणि म्हणतात अंगातले क्षार कमी झालेत, तेव्हा सोडियम, पोटॅशियम मनात असतं. आहाराच्या लेखात ‘क्षार आणि जीवनसत्त्वं’ असतात, तिथं लोह, आयोडीन, जस्त सगळं आलं. आणि आता बाटलीतून विकलं जाणारं अल्कलाइन पाणी काही जाहिरातींत ‘क्षारयुक्त’ झालं आहे. रक्तदाबाच्या रुग्णाला मीठ कमी करायला सांगितलेलं असतं. त्यानं या शब्दाचं काय करायचं?

खरं सांगायचं तर मला या शब्दाचा राग नाही. तो फार जुना आहे आणि त्याच्या पोटात दोन्ही अर्थ पहिल्यापासून शेजारी राहत आले आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय पूर्ण क्षारावर आहे. वनस्पती जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळायची, आटवायची, आणि मिळणाऱ्या दाहक पदार्थानं मांस झिजवायचं. तो क्षार म्हणजे आजच्या भाषेत अल्कच. आणि त्याच अध्यायात सांगितलं आहे की क्षारानं पोळलं तर त्यावर आंबट पदार्थ लावावा, त्यानं क्षाराचा तीक्ष्णपणा शमतो. उदासिनीकरणाचा धडा शिकवताना मी मुलांना हे आवर्जून सांगते.

इंग्रजीतला अल्कली हा शब्दही अरबीतून आला आणि त्याचा अर्थही राखेशीच जोडलेला आहे. ती राख खाऱ्या जमिनीवर वाढणाऱ्या झुडपांची. आपल्याकडचा सज्जीखारही तसाच निघायचा: खारट माती, त्यावरचं झुडूप, त्याची राख, तिच्यातला सोडा. म्हणजे मीठ आणि अल्क या दोन गोष्टी एकाच झुडपाच्या मुळाशी आणि राखेत भेटतात. शब्दानं दोघांना एकच नाव दिलं यात आपल्या पूर्वजांचं काही चुकलं नाही. त्यांना जीभ आणि बोटं एवढीच साधनं होती.

स्वयंपाकघरातही तसंच आहे. ‘क्षार’चाच झाला ‘खार’. लोणच्याचा खार, खारवलेले मासे, खारे वारे, खारफुटी, यांत मीठ आहे. पण पापडखार खारट म्हणून घालत नाहीत. तो अल्कधर्मी आहे. टाकणखार, जवखार हेही त्याच गटातले. आमच्या आईला विचारलं तर ती पापडखार आणि मीठ यांची गल्लत आयुष्यात कधी करणार नाही, कारण तिच्याकडे दोन डबे आहेत आणि दोन नावं आहेत. आपल्या छापील मराठीतून नेमकं ते दुसरं नाव गळून गेलं आहे.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी एक प्रयोग केला, तो इथं सांगते, कारण या पत्रातलं अर्धं त्यातूनच सुचलं. गाळणीच्या कागदावर हळदीचं पाणी लावून पट्ट्या वाळवल्या. एका बशीत मिठाचं पाणी, एकीत पापडखाराचं, एकीत तुरटीचं, आणि चौथ्या पेल्यात आमच्या खाजनाची माती पावसाच्या पाण्यात ढवळून ठेवली. पापडखारात बुडवल्याबरोबर पट्टी कुंकवासारखी लाल झाली. मुलं ओरडलीच. मिठात काही नाही. तुरटीतही काही नाही. मग निळा लिटमस घेतला. तो मिठात तसाच राहिला, तुरटीत लाल झाला, आणि मातीच्या पाण्यात बुडवला तर तिथंही हळूहळू तांबूस होत गेला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “टीचर, तुरटी क्षार आहे असं तुम्ही काल लिहून दिलंत. मग ती आंबट कशी?”

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ल आणि आम्लारी यांच्या क्रियेतून होणारा पदार्थ, या अर्थानं तुरटी क्षार आहे. मीठही क्षार आहे, धुण्याचा सोडाही, नवसागरही. पण मीठ उदासीन, सोडा अल्कधर्मी, तुरटी आणि नवसागर यांची द्रावणं आम्लधर्मी. क्षार म्हटल्यानं पदार्थ कोणत्या बाजूचा हे कळतच नाही. रसायनशास्त्रातल्या या अर्थानं ‘आम्लधर्मी क्षार’ असू शकतो. हिंदी पुस्तकातल्या अर्थानं ते शब्द एकमेकांना खोडतात. त्या मुलीला हे समजावताना मला चाळीस मिनिटांचा तास पुरला नाही. शेतकऱ्याला तर आपण एका ओळीचा शेरा देतो.

खाजनाची माती खारट असूनही आंबट का, हेही लिहायला हवं, कारण आपल्या भागातली पत्रकं बरेचदा कोरड्या, काळ्या जमिनींसाठी लिहिलेल्या मजकुरावरून उतरवलेली असतात आणि तिथं ही गोष्ट नसते. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१, म्हणजे किंचित अल्कधर्मीच. लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास विरघळलेले पदार्थ, त्यांतलं सुमारे २७ ग्रॅम साधं मीठ. उरलेल्यात सल्फेटही असतं. खाजन मूळचं खारफुटीचा चिखल, आणि त्या चिखलात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू या सल्फेटपासून लोहाचं सल्फाइड तयार करतात. चिखल पाण्याखाली आहे तोवर ते निवांत पडून असतं. उन्हाळ्यात जमीन सुकली, भेगा पडल्या, हवा आत शिरली, की त्याच सल्फाइडचं गंधकाम्ल होतं. चरांतल्या पाण्यावर तांबूस तवंग दिसतो तो त्यातून सुटलेल्या लोहाचा. त्यामुळे एकाच ढेकळात वर मीठ चमकतं आणि आत आम्ल असतं.

आता जिप्समचं बघा. चोपण जमीन, म्हणजे जिच्या मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलं आहे आणि जिचा सामू ८.५ च्या वर गेला आहे, तिच्यासाठी जिप्सम हे खरोखर औषध आहे. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतं, आणि साठवलेलं पाणी त्या सोडियमला खाली निचऱ्यात नेतं. खारवट जमिनीचं तसं नाही. तिथं सुटं मीठ आहे, ते गोड्या पाण्यानं धुऊन बाहेर काढायचं असतं. आणि आम्लधर्मी जमिनीचा आंबटपणा जिप्समनं जात नाही, कारण त्यानं सामू चढत नाही. तिथं चुना लागतो, तोही तपासणीच्या हिशेबानं. खाजनात खाली निचराच नसतो, नदी शेजारी आणि पातळी तिच्याखाली. मग साठवलेलं पाणी जाणार कुठं?

आगरवाड्याची मिठागरं आमच्यापासून लांब नाहीत. मिठागरात नदीचं पाणी एका कोंडीतून दुसरीत दाट होत जातं तेव्हा मीठ बसण्याच्या आधी जिप्सम खाली बसतं. म्हणजे काकांनी जे पैसे मोजून आणून शेतात टाकलं ते उधाणाच्या पाण्यातही होतंच. हे मला कळलं त्या दिवशी मी ते त्यांना सांगू शकले नाही.

मराठीत शब्द नाहीत असं मुळीच नाही. म्हणूनच मी हे पत्र लिहिते आहे. ‘सामू’ बघा. पीएच ही मोजपट्टी सोरेनसननं १९०९ साली मांडली, आणि आपल्या शेतीच्या मराठीनं तिच्यासाठी दोन अक्षरांचा इतका सुटसुटीत शब्द रुळवला की काकांसारखा सातवी शिकलेला माणूस तो सहज वापरतो. खारवट आहे, चोपण आहे. विम्ल (आम्लाच्या उलट) आहे, अल्क आहे, अल्कधर्मी आहे. लवण आहे. आणि मीठ तर आहेच. यांतला प्रत्येक शब्द आपापल्या एकाच गोष्टीकडे बोट दाखवतो.

माझी तुमच्याकडे मागणी सरळ आहे. जमिनीच्या किंवा पाण्याच्या अहवालात ‘क्षारयुक्त’ आणि ‘क्षारीय’ हे दोन्ही शब्द यापुढे छापू नका. मीठ जास्त असेल तर ‘खारवट’ लिहा. सोडियमनं बिघडली असेल तर ‘चोपण’ लिहा. सामूबद्दल बोलायचं असेल तर ‘आम्लधर्मी’ किंवा ‘अल्कधर्मी’ लिहा, आणि शेऱ्याच्या त्याच ओळीत सामूचा आकडाही द्या, वरच्या तक्त्यात शोधायला लावू नका. आणि जमीन आंबट आणि खारट अशी दोन्ही असेल, तर दोन्ही शब्द लिहा, ‘आम्लधर्मी खारवट’. गोव्याच्या खाजनांना हा शब्द रोज लागणार आहे. त्यासाठीचं पत्रकही वेगळं हवं, ज्यात पहिलं वाक्य बांधाबद्दल आणि दुसरं मानशीबद्दल असेल.

पुस्तकं लिहिणाऱ्यांना वेगळं सांगते. पाठ्यपुस्तकातला ‘क्षार’ एका रात्रीत बदलणार नाही, आणि महाराष्ट्राच्या लाखो मुलांनी शिकलेला शब्द आपण इथून बदलावा असंही मी म्हणत नाही. पण गोव्यात मराठीतून जे काही पूरक साहित्य निघतं, त्यात हा धडा आला की तिथंच, चौकटीत, सांगा की हिंदी पुस्तकात हाच शब्द अल्कलीसाठी आहे, आयुर्वेदात राखेतल्या दाहक पदार्थासाठी आहे आणि बोलण्यात मिठासाठी. मुलांना हे अवघड जात नाही. आठवीच्या त्या वर्गाला मी हे चार अर्थ सांगितले तेव्हा त्यांनी स्वतःहून घरच्या खारांची यादी करून आणली. एका मुलानं आजीकडून सुराखार हे नाव मिळवलं होतं, जे मी वर्गात घेतलंच नव्हतं. गोंधळ होतो तो अर्थ अनेक आहेत म्हणून नाही, ते अनेक आहेत हे कोणी बोलून दाखवत नाही म्हणून.

आणि माझ्यासारख्या शिक्षकांना: घरचा फोन आला आणि शब्दाचा अर्थ विचारला, तर आधी तो कागद मागवून घ्या.

त्यानंतरच्या वर्षी काकांनी कोरगुटाचं बी मिळवलं. हा आपल्या खाजनांचा जुना, मीठ सोसणारा भात, उंच वाढणारा, दाणा लालसर. जूनमध्ये मी रजा घेऊन गेले होते. ओहोटीची वेळ बघून आम्ही तीनदा पाणी बाहेर काढलं. प्रत्येक वेळी मानशीच्या तोंडाशी काका ओंजळीत पाणी घेऊन चाखायचे आणि थुंकायचे. तिसऱ्या वेळी त्यांनी ते गिळलं आणि म्हणाले, आता लावणी करू.

यंदाचा मातीचा नमुना त्यांनी पुन्हा तपासायला दिला आहे. काही दिवसांत अहवाल येईल. त्यावर शेरा लिहिणारे तुमच्यापैकीच कोणीतरी असतील.

आपली,
एक विज्ञानशिक्षिका
पेडणे, गोवा